‘याड लागलं’ सिनेमा पाहिल्यानंतर ऐकवत का नाही?

प्रश्न असा आहे: ‘सैराट’ची गाणी सिनेमा लागण्याआधी खूप ऐकली होती, ‘याड लागलं’ तर रोज झोपताना. सिनेमा पाहून आल्यापासून ते सुरू झालं की घसा दाटून येतो आणि बंद करावं लागतं. पण सिनेमात ते गाणं येतं तो भाग तर आनंदाचा आहे. चाल तीच, आवाज तोच, शब्द तेच. मग बदललं काय? आणि ते परत पहिल्यासारखं ऐकता येईल का?

मी चित्रपटांचं संकलन करतो. गाणं कुठल्या दृश्यावर ठेवायचं, कुठे सुरू करायचं, कुठे तोडायचं, यावर माझी कामाची बहुतेक वर्षं गेली आहेत. त्यामुळे उत्तर एडिट टेबलावरून देतो. (सिनेमाचा शेवट सांगावा लागणार आहे. अजून पाहिला नसेल तर आधी पाहा, मग हे वाचा.)

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य फार महत्त्वाचं आहे: गाणं येतं तो भाग आनंदाचा आहे. आपण सहसा असं धरून चालतो की गाण्यावर परिणाम करतं ते गाणं चालू असतानाचं दृश्य. दृश्य दुःखाचं असेल तर गाणं दुःखी होतं, आनंदाचं असेल तर आनंदी. प्रत्यक्षात सगळ्यात खोल परिणाम बऱ्याचदा त्या दृश्याचा असतो ज्यात ते गाणं वाजतच नाही. तुमचं ‘याड लागलं’ विहिरीच्या पाण्यापाशी, म्हणजे गाणं चालू असताना, बदललेलं नाही. ते शेवटच्या काही मिनिटांत बदललं, आणि त्या मिनिटांत संगीत नाही.

‘सैराट’ची रचना आठवून बघा. 2016च्या एप्रिलमध्ये आलेल्या या सिनेमात चारही गाणी पूर्वार्धात आहेत. अजय-अतुल यांनी त्यासाठी मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. करमाळ्याकडचं रान, केळीच्या बागा, बोलीतले शब्द, आणि त्यांच्याखाली व्हायोलिनांची भरती. हा मेळ योगायोगाचा नाही. इतका मोठा वाद्यवृंद आपण कुणासाठी ऐकत आलो होतो? हिंदी सिनेमातल्या श्रीमंत घरच्या नायक-नायिकांसाठी, परदेशातल्या बर्फासाठी. तो दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी मासेमारी करणाऱ्या घरातल्या नायकाला, परश्याला दिला. त्या सुरावटीबरोबर एक वचन आपोआप येतं: यांचं प्रेम मोठ्या पडद्यावरचं प्रेम आहे, म्हणजे शेवटी यांचं भलंच होणार. प्रेक्षक हे मनात शब्दांत म्हणत नाही, पण कानाला ते कळलेलं असतं. पन्नास-साठ वर्षांच्या सिनेमांनी कानाला तसं शिकवलेलं आहे.

उत्तरार्धात ते वचन हळूहळू काढून घेतलं जातं. हैदराबादची वस्ती, पत्र्याची खोली, डोशाची गाडी, कारखान्यातली नोकरी, संशय, भांडण, पुन्हा जुळणं. गाणी नाहीत. एखाद्या संकलकाला इथे ‘याड लागलं’चा मुखडा बासरीवर हलकेच टाकायचा मोह झाला असता. नायिका आर्ची आणि परश्या पुन्हा जवळ येतात तिथे जागाही तयार आहे. तो मोह टाळला, हा मला या सिनेमातला फार मोठा निर्णय वाटतो. कारण त्यामुळे गाणी पूर्वार्धातच राहिली, गावात राहिली, मागे सुटलेल्या वयात राहिली. आणि मग शेवट. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू घरी परत येतं, आत जातं, बाहेर येतं, आणि आपल्याला त्याची रक्ताने उमटलेली पावलं दिसतात. आत आर्ची-परश्याला आर्चीच्या माहेरच्यांनी मारून टाकलेलं असतं. आवाज बंद. रडणं दिसतं, ऐकू येत नाही.

ध्वनीच्या बाजूने पाहिलं तर शेवटी आवाज काढून घेतल्यावर प्रेक्षकाचा कान रिकामा होतो, आणि रिकामा कान शांत बसत नाही. सिनेमाघराबाहेर पडून गाडी काढेपर्यंत त्या रिकाम्या जागी जे येतं ते या सिनेमातलं सगळ्यात भरलेलं असतं, म्हणजे ती गाणी. आता ‘याड लागलं’ तुम्ही परश्याबरोबर ऐकत नाही. ज्याला पुढचं सगळं माहीत आहे अशा माणसाने मागे वळून बघावं तसं ऐकता. परश्याला काही माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही त्याला सांगू शकत नाही. घसा दाटतो तो इथे. शब्दांतला आनंद जराही कमी झालेला नाही. उलट तो तसाच शाबूत आहे म्हणूनच सोसवत नाही.

हे मी स्वतः कामात वापरलेलं आहे. एका सिनेमात आई घर सोडून जाते असा प्रसंग होता. दिग्दर्शकाला त्यावर एक जात्यावरची ओवी हवी होती. अभिनेत्रीनेच ती गुणगुणली होती, साधी, वाद्यांशिवाय. प्रसंगावर लावली तर ती चांगली वाटत होती. फार चांगली वाटत होती, आणि तेच खटकत होतं, कारण बघणारा ओवी ऐकत बसत होता, आईकडे बघत नव्हता. आम्ही ती तिथून काढली आणि बऱ्याच आधी, आई धुणं वाळत घालते आणि मुलगी पायात घोटाळते अशा अगदी किरकोळ दृश्यावर ठेवली. जाण्याच्या प्रसंगात फक्त कडीचा आवाज आणि पावलं ठेवली. पहिल्या खेळाला माणसं कडीच्या आवाजावर रडली, आणि बाहेर येताना ओवी गुणगुणत होती. ओवीत कुठेही वियोग नाही. तो त्यांनी तिच्यात मागाहून भरला.

याच जातीचं जुनं आणि फार मोठं उदाहरण म्हणजे ‘उंबरठा’. ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’ माहीत नाही असा मराठी माणूस विरळा. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज. रेडिओवर, कार्यक्रमांत, स्पर्धांत ते एक विरहगीत म्हणून गायलं जातं: तो दूर आहे, त्याची आठवण येते आहे. हे गाणं आवडणाऱ्या कितीतरी जणांनी जब्बार पटेलांचा 1982चा तो सिनेमा पाहिलेला नसतो. सिनेमात सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, नवरा, मुलगी आणि सुखवस्तू घर मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दुसऱ्या गावी गेलेली आहे. कुणी तिला घालवलेलं नाही. काम करायचं म्हणून ती स्वतः गेली आहे. त्यामुळे गाण्यातलं एकटेपण बिचाऱ्या विरहिणीचं उरत नाही, ते स्वतः निवडलेल्या कामाची किंमत म्हणून येतं.

पण याहून मोठा बदल पुढे होतो. सुलभा घरी परतते तेव्हा तिला कळतं की तिच्या मागे नवऱ्याने दुसऱ्या बाईशी संबंध ठेवला, आणि ते तो फार अपराधी न होता सांगतो. आता गाण्याच्या धृवपदातली दुसरी ओळ मनात म्हणून बघा. चांदरात अजूनही आहे असं मला वाटतं, असं ती गात होती. ती रात्र तेव्हाच सरलेली होती. हे कळतं तेव्हा गाणं चालू नसतं, ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. एक शब्दही न बदलता ‘अजूनही वाटते’ या दोन शब्दांचं वजन बदलतं. मला विचाराल तर सिनेमा न पाहता हे गाणं ऐकणाऱ्याने ते अर्धंच ऐकलेलं आहे. सुरेश भटांची गझल स्वतःच्या पायावर उभी आहे हे मान्यच, तरीही मी असं म्हणतो.

इथे नाटक आणि सिनेमा यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. संगीत नाटकातही एकच पद दोन वेगळ्या अर्थांनी येऊ शकतं. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये ‘घेई छंद मकरंद’ पंडितजींच्या गळ्यातून संथ, विचार करत येतं, आणि खाँसाहेबांच्या गळ्यातून लखलखत, तानांनी. दोन घराण्यांचा, दोन स्वभावांचा झगडा एका पदात मांडलेला आहे. पण तिथे पद बदललं ते गाणाऱ्याने. अभिषेकीबुवांनी चालच दोन बांधल्या. शिवाय नट रोज नव्याने गातो, समोरच्या माणसांप्रमाणे पद लांबतं, आटोपतं. सिनेमात ध्वनिमुद्रण एकदा झालं की संपलं. टाइमलाइनवरची ती पट्टी उचलून कुठेही ठेवली तरी तिच्यातला एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. म्हणूनच दृश्याने गाणं बदलतं तेव्हा आपण इतके चकित होतो. कान शपथेवर सांगतो की हे तेच आहे, आणि मन म्हणतं की नाही.

हे शक्य होतं कारण बहुतेक गाणी काही गोष्टी मोकळ्या सोडतात. कोण गातंय, कुणाला, कुठल्या क्षणी, आणि असं गायल्याबद्दल त्याला काय सोसावं लागेल, हे गाण्यात नसतं. एकटे ऐकताना त्या मोकळ्या जागांत आपण स्वतःला बसवतो. ‘तू’ म्हणजे आपलं माणूस, ‘मी’ म्हणजे आपण. दृश्य आपल्याला त्या जागेवरून उठवतं आणि तिथे दुसरं कुणीतरी बसवतं. ते दुसरं माणूस आपल्याला पुरेसं खरं वाटलं तर आपली जागा आपल्याला सहज परत मिळत नाही.

‘लग जा गले’च्या बाबतीत हे उलट्या दिशेने झालेलं दिसतं. मदनमोहन, राजा मेहदी अली खाँ आणि लताबाईंचं हे गाणं आज लग्नाच्या व्हिडिओंत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत, गिटार शिकणाऱ्यांच्या पहिल्या दहा गाण्यांत असतं. निव्वळ प्रेमाचं, हळुवार. 1964चा ‘वो कौन थी’ पहिल्यांदा पाहणारा तरुण मुलगा गोंधळतो. कारण सिनेमाच्या सुरुवातीला पावसाच्या रात्री पांढऱ्या साडीतली एक अनोळखी बाई नायकाच्या गाडीत बसते, गाडीचे वायपर बंद पडतात तरी तिला रस्ता दिसतो, आणि ती कब्रस्तानापाशी उतरते. पुढे तोच चेहरा नायकाची बायको म्हणून घरात येतो. ती जेव्हा गाते की या जन्मात पुन्हा भेट होईल न होईल, तेव्हा ऐकणाऱ्या नायकाच्या चेहऱ्यावर प्रेमाइतकीच धास्ती असते. इथे गाण्याला रंग देणारं दृश्य आधीच घडून गेलेलं आहे. सिनेमा विसरला गेला तसा तो रंगही उडाला आणि गाणं स्वतंत्रपणे जगलं. दृश्य गाण्याला कायमचं चिकटतंच असं नाही, याचा हा मोठा पुरावा आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे, तिकडे येतोच.

त्याआधी नागराज मंजुळेंचाच ‘फँड्री’. गाण्याबद्दलची भावना दृश्याने बदलण्याचं याहून धारदार उदाहरण मला मराठीत माहीत नाही, आणि तिथे गाणं आहे राष्ट्रगीत. जब्या हा शाळकरी मुलगा आणि त्याच्या घरचे शाळेजवळ डुक्कर पकडत आहेत. वर्गातली मुलं बघतील म्हणून जब्या लपतोय. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत ‘जन गण मन’ सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. मग घरचेही थांबतात. डुक्कर थांबत नाही, ते निघून जातं.

या दृश्यात संकलक काय करतो ते पाहण्यासारखं आहे. काहीच करत नाही, असं वाटेल. गाणं दुरून, मुलांच्या आवाजात येतं, त्याच्यावर एकही वाद्य चढवलेलं नाही. ते कानाला शाळेच्या मैदानातलंच वाटतं. ‘आता भावनेचा क्षण आला’ असं सांगणारं पार्श्वसंगीत तिथे असतं तर दृश्य तिथेच मेलं असतं. आलोकनंदा दासगुप्तांचं पार्श्वसंगीत या सिनेमात किती ठिकाणी गप्प राहतं हे पुन्हा पाहताना जरूर ऐका. राष्ट्रगीत 52 सेकंदांचं. आपण सगळ्यांनी ते शाळेच्या मैदानावर उन्हात, पुढच्याच्या मानेकडे बघत म्हटलेलं आहे. त्यात उभं राहणं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते आपण करतो असंही वाटत नाही, ते होतं. दृश्य नेमकं त्या सवयीला हात घालतं. जब्याचं अंगही आपल्यासारखंच आपोआप ताठ होतं. फरक एवढाच की आपल्याला उभं राहायला काही लागलं नाही, त्याला दिवसभराची मेहनत घालवावी लागली. पुढे मेलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर-सावित्रीबाईंच्या चित्रांसमोरून जातात तेव्हा ते 52 सेकंद पुन्हा मनात वाजतात. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने सिनेमा सुरू होण्याआधी त्याच थिएटरात राष्ट्रगीताला उभं राहून मग खुर्चीत बस्तान मांडलेलं असतं. पडद्यावर ते पुन्हा सुरू होतं तेव्हा खुर्चीतल्या माणसाला आपल्या पायांचं काय करावं हे कळत नाही.

याच सिनेमासाठी अजय-अतुल यांनी केलेलं, विंचवाच्या दंशासारख्या प्रेमाचं गाणं खूप गाजलं, आणि ते सिनेमात नाही. फक्त प्रसिद्धीसाठी होतं. ते ठेवलं असतं तर जब्याच्या प्रेमाला ‘सैराट’सारखी भरारी मिळाली असती, पण राष्ट्रगीताच्या दृश्याला जी कोरडी, उघडी हवा हवी होती ती गेली असती. एका सिनेमात गाणी मोकळेपणाने देणारा आणि दुसऱ्यात हाताशी असलेलं गाणं बाहेर ठेवणारा दिग्दर्शक एकच आहे. गाण्याचं सामर्थ्य ओळखणारा माणूसच ते रोखू शकतो.

दुःखाच्या दृश्यात आनंदी गाणं, ही युक्ती पुष्कळांना माहीत असते. तिचं मूळ मात्र युक्तीत नाही. अकिरा कुरोसावा 1948 मध्ये ‘ड्रंकन एंजल’ करत असताना त्यांचे वडील गेले. ते सुन्न मनाने रस्त्यावरून चालत होते आणि कुठल्याशा कर्ण्यावर ‘कुकू वॉल्ट्झ’ ही कोकिळेच्या सादेची उडती धून लागली होती. तिने त्यांचं दुःख हलकं झालं नाही, जास्तच असह्य झालं. त्यांनी संगीतकार फुमियो हायासाकांना ती धून सिनेमात वापरायला सांगितलं. क्षयाने खंगलेला, माणसांतून उठलेला गुंड बाजारातून चालतोय आणि वरून ती धून. आपल्याकडे याचा अनुभव प्रत्येकाला आहे. घरातलं माणूस गेलेलं असतं आणि गल्लीच्या टोकाला मंडपात लग्नाची गाणी लागलेली असतात. जगाला आपलं काही ठाऊक नाही, ही गोष्ट गाणं सांगतं. तसं खरं वाटायचं तर गाण्याने आपल्या पात्राकडे वळूनही बघता कामा नये. ते दुसऱ्या कुणासाठी वाजत असलं पाहिजे.

म्हणून अशा जागी मी सगळ्यात आधी विचारतो की आवाज येतोय कुठून. शेजारच्या रेडिओवरून असेल तर तो रेडिओसारखाच ऐकू यायला हवा. साधारण 300 हर्ट्झच्या खालचं आणि 4000 हर्ट्झच्या वरचं छाटलं की गाणं ट्रान्झिस्टरमधून आल्यासारखं बारीक होतं, भिंतीपलीकडचं हवं असेल तर वरचे स्वर आणखी काढायचे. मग एखाद्या क्षणी ही सगळी छाटणी हळूहळू उघडत न्यायची. तेच गाणं रेडिओतून बाहेर येऊन अख्ख्या थिएटरात पसरतं. प्रेक्षकाला हा बदल कळत नाही. त्याला एवढंच वाटतं की आतापर्यंत शेजारचं असलेलं गाणं आता पडद्यावरच्या पात्राचं झालं. उलटही करता येतं: भरगच्च वाजणारं गाणं एका कटवर बारीक रेडिओ होतं आणि स्वप्न उतरतं. गाण्याचा एक स्वरही न हलवता त्याच्याशी प्रेक्षकाचं नातं बदलण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

दुसरी गोष्ट गाणं पुरं होऊ देण्याची. आपले कान मुखड्याकडे परत यायला आसुसलेले असतात. अंतरा संपला, साज वाजला, आता धृवपद येणार, आणि तिथेच कट केला तर ते धृवपद प्रेक्षक मनातल्या मनात पुरं करतो, पुढच्या दृश्यावर. पुढचं दृश्य त्याने स्वतःच्या आवाजात रंगवलेलं असतं. चैतन्य ताम्हाणेंच्या ‘कोर्ट’मध्ये नारायण कांबळे हे शाहीर मंचावर गात असतात, संभाजी भगत यांचं गाणं, वीरा साथीदार यांचा चेहरा. कॅमेरा दूर, स्थिर. चेहऱ्याजवळ जाणं नाही, टाळ्या वाजवणारी माणसं जवळून दाखवणं नाही. दुसऱ्या कुणी हे गाणं ठेक्यावर कापून अंगात वारं भरेल असं केलं असतं. इथे आपण सभेला मागे उभे राहिलेल्या माणसासारखे ऐकतो, आणि गाणं चालू असताना पोलीस येतात तेही तिथूनच बघतो. पुढे न्यायालयात त्याच शाहिराच्या गाण्यांबद्दल कोरड्या, सरकारी भाषेत बोललं जातं तेव्हा मला गाणं फार मोठं झाल्यासारखं वाटलं. सरकारी वकिलाच्या आवाजात त्यातली एकही लय उरत नव्हती, आणि ती न उरणंच ऐकू येत होतं.

गाणं बिघडवणारी दृश्यंही असतात आणि ती संख्येने जास्त आहेत. शब्दात चंद्र आला की चंद्र, वाट आली की वाट, डोळे आले की डोळे. असं चित्रीकरण गाण्यातली प्रत्येक मोकळी जागा बुजवून टाकतं, आणि पुन्हा ऐकताना आपल्याला स्वतःचं काही सुचत नाही. अभंगांच्या बाबतीत तर माझा जीव तुटतो. तुकोबांचा अभंग मालिकेत कुणाच्याही संथ गतीतल्या प्रवेशावर टाकला जातो, कारण भाव तयार मिळतो, कमवावा लागत नाही. माणसं मग तो अभंग ऐकून विठ्ठलाआधी त्या मालिकेतली सासू आठवतात. हे नुकसान मोजता येत नाही, पण ते होतं.

मुद्दाम केलेलं नुकसानही आहे. ‘सिंगिंग इन द रेन’ हे 1952च्या सिनेमात जीन केलीने पावसात नाचत गायलेलं निखळ आनंदाचं गाणं. स्टॅन्ली कुब्रिकने 1971च्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’मध्ये ते एका क्रूर अत्याचाराच्या वेळी अत्याचार करणाऱ्याच्याच तोंडी दिलं. ते पाहिलेल्या अनेकांना मूळ गाणं पुन्हा निर्मळपणे ऐकता येत नाही. दिग्दर्शकाला ते हवंच होतं, हिंसेतला आनंद दाखवायचा होता. मला ती ताकद मान्य आहे, तरी दुसऱ्या कलावंताने घडवलेलं सुख असं वापरताना हात थरथरायला हवा असं वाटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘याड लागलं’ परत पहिल्यासारखं होईल का?

याच सिनेमातल्या ‘झिंगाट’कडे बघा. शेवट तोच, सिनेमा तोच. पण वरातीत ‘झिंगाट’ लागलं की सिनेमा पाहून रडलेली माणसंही नाचतात आणि त्यांना लेकराची पावलं आठवत नाहीत. कारण ‘झिंगाट’ त्यांनी स्वतःच्या अंगाने, चार माणसांत, घामाघूम होऊन पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. भावाच्या लग्नात, गणपतीच्या मिरवणुकीत, कॉलेजात. त्या गाण्यावर त्यांच्या स्वतःच्या आठवणींचे थर चढले आणि सिनेमाचा थर खाली गेला. ‘याड लागलं’ बहुतेक जण एकटे ऐकतात, कानात, रात्री, डोळे मिटून. मिटलेल्या डोळ्यांसमोर पडदा आपोआप उभा राहतो. तुम्ही ते झोपताना ऐकत होतात, म्हणजे तुमचं गाणं तर अगदी उघड्यावर होतं.

त्यामुळे करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. त्याचा व्हिडिओ पाहणं बंद करा, मोबाइलवरही नको. चित्र दर वेळी पाहिलं की दृश्याची पकड दर वेळी घट्ट होते. काही महिने ते ऐकूच नका, पण टाळण्यासाठी नाही, विसर पडावा म्हणून. मग दिवसाढवळ्या, कामात असताना, शक्यतो माणसांत लावा. प्रवासात गाडीत सगळे मिळून गाणार असाल तर उत्तम. स्वतः गा. गळ्याने गाताना श्वास, पट्टी, पुढचा शब्द यांच्याकडे लक्ष जातं आणि पडद्याला जागा कमी मिळते. गाणाऱ्या मंडळींना सिनेमाने गाणं बदलल्याचा त्रास कमी होतो, असं मी पाहिलं आहे, आणि कारण हेच असावं. फक्त वाद्यावर वाजवलेलं रूपही उपयोगी पडतं. व्हायोलिनच्या त्या लाटा काढून एका बासरीवर किंवा हार्मोनियमवर चाल ऐकली की कळतं, ती किती साधी आणि भक्कम आहे.

पण पहिल्यासारखं म्हणजे काहीच माहीत नसल्यासारखं, तसं होणार नाही. ‘लग जा गले’वरचा रंग उडायला काही पिढ्या जाव्या लागल्या, आणि तो उडाला तो सिनेमा न पाहिलेल्यांसाठी. ज्याने पाहिला त्याच्यासाठी ती पावसातली गाडी अजूनही तिथेच आहे. तुमच्या बाबतीत काही काळाने दोन्ही ऐकू येऊ लागेल, परश्याचं वेड आणि तुम्हाला माहीत असलेलं सगळं, एकाच वेळी, आणि बंद करावंसं वाटणार नाही. तिथवर घाई करू नका.

एक पुरवणी, कारण हे पुढे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल. नवा सिनेमा येणार असेल तर गाणी आधी ऐकावीत की नाही? मी आधी ऐकतो, पण थोडी, चाल ओळखीची होईल इतकीच. अजिबात ओळख नसेल तर दृश्य चालू असताना कान गाणं शिकण्यातच गुंततो आणि बदल काय झाला ते निसटतं. अति ऐकलेलं असेल तर दृश्य स्वतःच्या चित्राशी ताडून बघण्यात वेळ जातो. ‘उंबरठा’ मात्र बाकी असेल तर गाणं तुम्हाला पाठच असणार. तरीही पाहा, आणि सुलभाच्या नवऱ्याशी होणाऱ्या शेवटच्या बोलण्यानंतर सिनेमा थांबवून ते धृवपद एकदा मनात म्हणा.